खोटी राखणदारीण आणि मी

पॅरिस, शुक्रवार

प्रिय सोआझिगताईस,

धाकट्या मारीवोनचे दोन्ही गालांवर मुके आणि कोपरापासून नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझी गाय, दोघांच्याही तब्येती बऱ्या असाव्यात. (गाईची काळजी जास्त, कारण ती कुरकुर करत नाही.)

आमच्या इमारतीत सिनेमावाले आले होते. एकाच इमारतीतल्या माणसांची आयुष्यं एकमेकांत कशी गुंतलेली असतात, अशी म्हणे गोष्ट. (मी इथे एकोणीस वर्षं राखणदारीण म्हणून जिने पुसतेय, टपाल वाटतेय. गुंतलेलं काही पाहिलं असेल, तर जिन्याखालच्या सायकलींची हँडलं.) गोष्टीत राखणदारीणही होती. मी केसबीस रंगवून ते काम मागायला उमेदीने गेले, तर दिग्दर्शक म्हणाला, बाई, तुम्ही राखणदारीण वाटत नाही. मग एक नटी आली. तिने आठवडाभर माझ्याकडून फरशी पुसायचे धडे घेतले आणि जाताना माझा निळा एप्रनही नेला.

तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम देलोर्मना मला साधं ‘बोंजूर’ म्हणायला सवड नसते. त्या या नटीपाशी तासन्‌तास बसून आपल्या घटस्फोटाची कहाणी सांगायच्या. पाचव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर व्हासर तिच्यासाठी केक आणायचे (दातांचे डॉक्टर, बरं का). सिनेमातले घरमालक तिला कामावरून काढतात त्या प्रसंगात हे दोघं गर्दीत उभे होते. इतके रडले, की दिग्दर्शकाला चित्रण थांबवावं लागलं. मादामनी तर माझाच हात धरला आणि म्हणाल्या, “मारीवोन, माणसं इतकी निर्दय कशी हो होतात?”

काल आमच्या खऱ्या घरमालकांची, म्हणजे या सगळ्या बिऱ्हाडांचीच, वार्षिक सभा झाली. खुर्च्या मीच मांडल्या. विषय चौथा: राखणदारीण बंद, दाराला आकड्यांचं कुलूप, मी राहते त्या खोलीत सायकली. मादाम तेव्हा शेजारणीला सिनेमातला तो प्रसंग सांगत होत्या. त्यांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसरा हात वर केला. डॉक्टर तेवढे विरोधात उभे राहिले. माझा ऊर भरून आला, पण त्यांना खोली सायकलींऐवजी वाइनच्या पेट्यांसाठी हवी होती. बाकी सगळ्यांचे हात वर. सभा संपल्यावर खुर्च्याही मीच उचलल्या.

मला वाईट वाटलं असं समजू नकोस. पॅरिसची हवा मला कधी मानवलीच नव्हती.

तुझी,
मारीवोन

ता. क. फार वाईट वाटलं गं.

आणखी एक. तुझ्या वरच्या खोलीत ओल आहे, मी तिथे पाऊलही ठेवणार नाही, असं मी म्हणाले आणि त्यावरून आपण दोन वर्षं अबोला धरला. ताई, ती खोली अजून रिकामी आहे का? ओलीसकट चालेल.