चौदा फाटकं

८ सप्टेंबर, सोमवार

वीणाशी पुन्हा वाजलं. म्हणे मी खोटं बोलतोय. कुठे बोललो? फक्त सांगितलं नाही!

गुरुवारी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डाव्या बाजूची, कडेची नजर बरीच गेलीय. "भास्कर, ड्रायव्हिंग आजपासून बंद. बसच्या ऑफिसला कळव." मी मान डोलावली. आणि आज स्कूल बसमधून तेवीस मुलांना शाळेत पोचवलं, संध्याकाळी घरोघर सोडलं. नऊ वर्षांत बसला एक ओरखडा नाही. १९ तारखेला टर्म संपते, त्याच दिवशी मी निवृत्त. मुलं कार्ड बनवतायत, शाळेने माझ्यासाठी सॉसेज सिझल, म्हणजे मैदानात सॉसेज भाजायची पार्टी, ठेवलीय. आता चोरासारखा मधूनच निघून जाऊ?

१० सप्टेंबर

जेवताना वीणा एकच वाक्य बोलली. "त्यातलं एक पोर आपल्या नुपूरचं असतं तर?"

"डोळे मिटूनसुद्धा नेईन मी त्यांना!" म्हणून गेलो, आणि जीभ चावली. ती ताट उचलून आत गेली.

११ सप्टेंबर

थेंब टाकले. समोरच्या दुकानाची पाटी लांबून वाचली. दिसतंय की!

१३ सप्टेंबर, शनिवार

ठरलं. उद्या बसचा सगळा रस्ता सायकलने, आरामात. वाटेत चौदा फाटकं आहेत, शेतांवरची मुलं जिथे बसची वाट बघतात ती. चौदाही वेळेवर दिसली तर शुक्रवारपर्यंत बस माझी. एक जरी चुकलं, तर सोमवारी सकाळी ऑफिसला फोन.

वीणा म्हणाली, "पेपर काढणार तूच, तपासणार तूच. वा!"

१४ सप्टेंबर, रविवार

पास! चौदाच्या चौदा!

काय दिवस होता! नऊ वर्षं याच रस्त्याने जातोय, पण बसमधून काही कळतच नाही. कॅनोला, इथली मोहरीच ती, फुललाय, लांबवर पिवळंधमक. चरात बेडूक ओरडतात हे मला आजवर माहीत नव्हतं. एका मॅगपाय पक्ष्याने मागून येऊन हेल्मेटवर टोच मारली. त्याला अस्सल पुणेरी शिव्या दिल्या — मोठ्याने! ऐकायला होतं कोण, रस्त्यावर माणूस नावाला नव्हता. सातव्या फाटकानंतर उतार आहे, तिथे ब्रेक न लावता सायकल सोडून दिली, शीळ घालत. कितीतरी वर्षांनी.

घरी आलो आणि "पास!" म्हणालो. आवाज उगाच मोठा निघाला. वीणा नुसतं "बरं" म्हणाली, खिचडी वाढली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला भीती वाटतेय. इथे तरी लिहितो.

१५ सप्टेंबर, सोमवार

सातव्या फाटकावर बसचं दार उघडलं. तिथल्या जुळ्यांची आई, केली, दोघांना पाठीमागे धरून उभी होती, चढू देईना. "काल उतारावर डावीकडेच होते मी, बाळाची प्रॅम घेऊन. ओरडले, हात केला. तू शीळ घालत सरळ अंगावर आलास, भास्कर. मी प्रॅम चरात ढकलली."

इंजिन बंद केलं. चावी तिच्या हातात दिली. आत अकरा मुलं होती.