डॉक्टरांनी मारलेली फुली

जळगाव, १२ मार्च १९९१, संध्याकाळ

लकव्यानं ह्यांची वाचा गेली, त्याला महिना झाला; आता कुठे एखाद-दुसरा शब्द फुटतो. आज डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "नाना, ह्यांचं नाव काय?" हे नुसते बघत राहिले. "बायकोचं नावही आठवत नाही," म्हणत डॉक्टरांनी कागदावर फुली मारली.

मला सांगायचं होतं, पण जीभ उचलेना. लग्नातला उखाणा सोडला तर अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी माझं नाव घेतलंय कुठे? "अगं," नाहीतर "सुनीची माय". परक्यासमोर लाजले असतील?

घरी आल्यावर दार लोटलं. म्हटलं, "आता कोणी नाही. घ्या माझं नाव." ओठ हलले, डोळे भरले, बस्स. ती फुली डोक्यातून जातच नाही. एरवी कधी नावानं हाक मारली असती, तर फुली खरी की खोटी, ते मला तरी कळलं असतं.