बाईचा गुडघा, इंग्रजीतून

मुलचेरा,
बुधवार

आदरणीय रुखमाबाई,

धाकट्या नंदिनीचा सविनय जयभीम. राजुऱ्याला तू, मुलगा, सूनबाई आणि ती मारकी गाय सगळी खुशाल असाल. (गाय तर नक्कीच असेल.) माझी तब्येत बरी आहे. नर्सच्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून मला हे विचारणारं कोणी उरलं नाही, म्हणून आपणहूनच सांगते.

तर मी इंग्रजी शिकत होते. हसू नकोस. विहारात रोज संध्याकाळी संघप्रिया मॅडम बोलण्याचा सराव घ्यायच्या. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं आणि इंग्रजीतून विचारायचं, घरी कोण असतं, आज काय जेवलात. माझ्यासमोर शिलाईवाली खुशबू. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, घरी कोण असतं. कोणी नाही, एवढं इंग्रजी मला येत होतं गं, पण तोंडातून निघेना. मग 'माझी मोठी बहीण, बाई' असं सांगून मी तुला घरी आणून ठेवलं.

तिथून सगळं हाताबाहेर गेलं. भूतकाळाचा धडा आला, तेव्हा तू न्हाणीत घसरून पडलीस. (मला दुसरं क्रियापद आठवेना, त्याला मी काय करू?) भविष्यकाळात तुला चंद्रपूरला डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. तुलना शिकलो, तसा तुझा डावा गुडघा उजव्याहून जाड झाला. सारा वर्ग रोज तुझी चौकशी करायचा आणि मी दुपारपासून तुझी तब्येत पाठ करत बसायची. एकदा खुशबू पिशवीभर पेरू घेऊन आली आणि मराठीतच म्हणाली, "मावशी, हे बाईले द्या. एवढे दिवस काऊन दुखून राह्यलं त्याईचं?" ते पेरू मी एकटीने चार दिवस खाल्ले. गोड होते, पण लाज वाटत होती.

बाकी ठीक. सूनबाईला आशीर्वाद सांग.

तुझी,
नंदिनी

ता. क. : येत्या रविवारी अख्खा वर्ग तुला बघायला घरी येणार आहे. तू शनिवारीच ये आणि माझी अब्रू वाचव. डावा पाय ओढत चाल. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नकोस, नुसतं कण्हलीस तरी चालेल.

ता. क. २ : बाई, तुझ्याशी कशाला खोटं बोलू. रविवारी कोणी येणार नाही. मॅडमना नागपूरला नोकरी लागली, वर्ग मागच्या आठवड्यातच बंद झाला. तरी पाच वाजले की मी साडी बदलून तयार होते, आणि मग कुठे जायचं ते कळत नाही. तू ये. दोन दिवस तरी राहा.