प्राचीचं नाक आणि माझं

४ जाने., रवि.
लसणाची फोडणी करपली. प्राची गॅसपाशीच उभी, मोबाईल बघत. धूर झाला तरी पत्ता नाही. ओरडले. "लक्ष नव्हतं गं." नंतर बघते तर हिंगाची डबी नाकाला लावून उभी. डोळ्यांत पाणी.
वासच येत नाही म्हणे. नाताळाच्या सुमारास ताप आला होता, तेव्हापासून. आठवडाभर माझ्यापासून लपवलं! डॉ. म्हणाले, येईल परत. महिन्यात, सहा महिन्यांत, सांगता येत नाही.
बाकी कुणाचं नाक गेलं असतं तर एवढं काही नव्हतं. ही बिअर बनवते. विंचूरला, वाईन पार्कच्या बाजूला. जर्मन पद्धतीची. रोज हुंगायचं, चाखायचं, हेच काम. "आई, नाक गेलं म्हणजे माझं सगळं गेलं." महिनाअखेर बाहेरचे लोक चाखून मार्क द्यायला येणार आहेत.

७ जाने., बुध.
प्रा. तीन बाटल्या घेऊन आली, डब्याच्या पिशवीतून. "फक्त वास घे. प्यायची नाही." मी नाही म्हटलं. दर रविवारी विहारात पाचवं शील घेते मी, मद्याला न शिवण्याचं. घरात बाटली आली हेच पुष्कळ झालं.
हे लगेच पुढे. "मी घेतो ना वास!" ह्यांना तपकिरीपायी गुलाब आणि रॉकेल सारखंच. प्रा. हसली, पण खोटं.
बाटल्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीमागे. कॉलनीतलं कुणी आलं तर? आजवर सगळ्यांना पोरगी 'फूड फॅक्टरी'त आहे सांगत आले.

११ जाने., रवि.
विहारातून आले. साडीही बदलली नाही, म्हटलं आण.
वाटेत ठरवलं होतं. हुंगणं म्हणजे पिणं नाही. बुद्धाला विचारायची सोय असती तर विचारलं असतं. पोरगी आठवडाभर धड जेवत नाही, ते कुठल्या शीलात बसतं?
पहिली, गव्हाची. गढूळ, पिवळसर. नाव हेफेवाइझेन, तीनदा म्हणून घेतलं. नाक घातलं आणि म्हटलं, केळं. पिकलेलं वेलची केळं. मागे लवंग. प्रा.ने टाळ्या पिटल्या. "असाच यायला हवा!" मी विचारलं, केळी घालतेस होय? नाही म्हणे, यीस्ट करतं ते. ७॥/१०.
दुसरी काळपट, डुंकेल. भाकरीचा खरपूस पापुद्रा. थोडी काकवी. ८.
तिसरीला नुसताच ओला वास. ५. सांगता येईना तर मार्क कमी. चौतीस वर्षं तपासलेल्या पेपरांची सवय.
ह्यांनी तिन्ही हुंगून दहापैकी दहा दिले.

१५ जाने., गुरु.
आता रोज सं. हाच उद्योग. प्रा. बाटलीवर नुसता नंबर टाकते, नाव नाही. काल मी ठामपणे 'चंदन' म्हटलं. ती बुचकळ्यात. मग लक्षात आलं, अगरबत्ती चालू होती. हसून हसून पुरेवाट.
नवे नियम: अगरबत्ती नाही, आधी फोडणी नाही, केसांना तेल नाही. आज तर पावडरसुद्धा लावू दिली नाही. केवढा तोरा!
बरं वाटतं मात्र. बारावीनंतर ही माझ्याशेजारी एवढा वेळ कधी बसली होती?

१८ जाने., रवि.
भांडण.
नंबर ४. फिकी, स्वच्छ, सोनेरी. हेलेस म्हणतात. दिसायला सगळ्यांत सुंदर. आणि वास? मक्याची कणसं उकडताना झाकण काढल्यावर येतो तो. तसं सांगितलं.
"नक्की?"
"नक्की."
"परत बघ. हेलेसला थोडा गोडसर असतोच."
"गोडसर नाही. मका."
"तुला बिअरमधलं काय कळतं गं?"
"मग विचारतेस कशाला?"
जेवली नाही. मीही नाही. हे दोघींची ताटं झाकून बसले.
जरा वेळाने प्रा. स्वतःच सांगायला आली. डिसेंबरात ही हेलेस शिजवताना बॉयलर मध्येच बंद पडला होता. उकळी कमी बसली. तेव्हा वाटलं चालून जाईल. उकळी कमी पडली की हाच वास राहतो. टाकीभर बिअर, पाहुण्यांसाठी ठेवलेली.
"तुझ्या मालकांना, बोरसे सरांना सांग."
"कसं कळलं म्हणून विचारतील. माझं नाक गेलंय सांगू? का तुझं नाव सांगू?"
माझं नाव. कॉलनी डोळ्यांपुढे आली. विहार आला. सगळ्या बायका आल्या.

१९ जाने., सोम.
सकाळी म्हटलं, मी येते. प्रा. बघतच राहिली. द्वारका चौकातून कंपनीची गाडी मिळते, त्यात बसलो. विंचूरपर्यंत पुढे कांद्याचे ट्रॅक्टर. प्रा.ने वाटेत माझा हात धरला होता. लहानपणी डॉ.कडे जाताना धरायची तसा.
बोरसे सर, मालक, देवळ्याचे. साधा माणूस. प्रा.ने एका दमात सांगून टाकलं. नाक गेलं, तीन आठवडे लपवलं, ही माझी आई, हिला मका येतो. मी पदर सावरत उभी.
त्यांनी घोट घेतला. "मला तर ठीक वाटते, ताई."
मी म्हटलं, ग्लास हातात धरून जरा कोमट करा. घरी मी तसंच करते, गार असली की मला काही येत नाही. केला. हुंगला. पुन्हा हुंगला. मग आपल्या बोलीत, हळूच, "हां ताई. मका शे."
टाकीतली सगळी बिअर गटारात सोडून दिली. प्रा. नळापाशी उभी राहून बघत होती. मला बघवेना.
सर प्रा.वर रागावले ते लपवल्याबद्दल. नाकाबद्दल नाही. "नाक येईपर्यंत काय करणार?"
प्रा. म्हणाली, जीभ शाबूत आहे. कडू, आंबट, गोड कळतं. वास आईचा, घोट माझा.
"म्हणजे दोघी मिळून एक ब्रुअर," सर म्हणाले. हसले एकदाचे.

२५ जाने., रवि.
विहारात गांगुर्डे बाईंनी विचारलं, परवा द्वारकेला गाडीत बसताना दिसलात, कुठे? 'फूड फॅक्टरी' तोंडापर्यंत आलं. पण म्हटलं नाही. खरं सांगितलं. मुलगी बिअर बनवते, मी वास घेते. पीत नाही.
एक जण फिस्सकन हसली. गांगुर्डे बाई हसल्या नाहीत. वीस वर्षं शेजारी बसतो आम्ही. खीर वाढताना माझ्यापाशी आल्या, वाढली, माझ्याकडे न बघता पुढे गेल्या.
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "खरं बोललीस. तेही शीलच आहे." बरं वाटलं. पण पूर्ण नाही.

३१ जाने., शनि.
पाहुणे येऊन गेले. हेलेस नव्हतीच. गव्हाची आणि डुंकेल. मी आत, पडद्यामागे नाही, चांगली टेबलाशी. एकाने विचारलं, मॅडम, तुमचं मत? म्हटलं, गव्हाची चांगली आहे, पण केळं आज जरा पुढे पुढे करतंय. साडेसात. प्रा.ने खालून पाय मारला. त्यांनी आठ दिले.
परत येताना प्रा. खांद्यावर डोकं टाकून झोपली. तोंड उघडं. अगदी लहानपणी झोपायची तशीच.

८ फेब्रु., रवि.
विहारात गेले. गांगुर्डे बाई आल्या नव्हत्या. तब्येत की माझ्यामुळे, कळलं नाही. दुपारी त्यांच्या घरी जाऊन यावं का?
आता सकाळी दहा वाजता प्रा. कप घेऊन धावत आली. "चहात काय टाकलंस? रबर जळल्यासारखा घाण वास येतोय!" मी हुंगला. चांगला आल्याचा चहा. तिला म्हटलं, काही नाही गं, चांगला आहे.
मग दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
"आई, वास येतोय."
येतोय. चुकीचा, घाण, पण येतोय. डॉ.ना फोन लावला. म्हणाले, परत येताना असा वेडावाकडा येतो कधी कधी. काहींचा सरळ होतो, काहींचा तसाच राहतो.
प्रा. घरभर फिरतेय. साबण हुंगते, तोंड वाकडं करते. ह्यांचा शर्ट हुंगला, ओरडली. हे खूश. कांदा, टूथपेस्ट, माझी मान. "तुझापण जळका!" म्हणाली, आणि तरी नाक काढेना.