वच्छीचं नाव खालच्या रकान्यात

२८ मार्च
बरेच दिवस लिहिलं नाही. उशीर झाला, माफी. कोणाची मागतोय ते कळत नाही. कमल असताना ती रोज विचारायची, "लिहिलं का आज?" तिला जाऊन तिसरं वर्ष. तेव्हा तिचीच समजू.
न लिहिण्याचं कारण जमीन. मालेगावकडचा आपला माळ सोलर कंपनीला हवा आहे. विकत नाही, तीस वर्षं भाड्याने. शेजारच्यांचेही घेतायत. पोरगा सतीश खूश. इंदिरानगरहून या महिन्यात दोनदा आला, एरवी सणाला येतो. दोन्ही वेळा कागद मागायला आला, पण आला. चहा घेतला. दुसऱ्या खेपेला भाजीला गिलकी आणली.
मला मात्र घोर. तीस वर्षं म्हणजे मी नसणार. सही जुळली नाही तर?

३० मार्च
स. बरोबर नाशिकला वकीलबाईंकडे. जमीन आधी कोणाची होती, कोणाकडून कोणाला आली, अजून कोणाचा हक्क निघतो का, हे शोधायला कंपनीने त्यांना नेमलं आहे. त्याला सर्च म्हणतात. बाई तरुण, बोलायला मऊ. पण मी सातवी नापास, जन्मभर देवळाली कॅम्पात फौजींचे युनिफॉर्म शिवले. वकील म्हटलं की मी चपला दाराबाहेरच काढतो.
फाइल उघडून त्या म्हणाल्या, "काका, वत्सला कोण?"
"बहीण. धाकटी."
"आहेत?"
"आहे की! सटाण्याला दिलीय."
मग सातबारा दाखवला. वर मालक म्हणून मी एकटा. खाली 'इतर हक्क' असा रकाना. त्यात विहिरीतला हिस्सा, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि मग वत्सला, म्हणजे आपली वच्छी. वडील गेल्यावर तलाठ्याने तसं लिहिलं. तेव्हा सगळ्यांच्याच बहिणी खाली लिहीत. इतक्या वर्षांत हा कागद किती वेळा हातात घेतला असेल. वर आपलं नाव बघायचं आणि घडी घालायची.
विहीर केव्हाच बुजली. बोजाही फिटला. वच्छी आहे.
बाई म्हणाल्या, दोन रस्ते. एक, तिने हक्कसोड लिहून द्यायचं, नाव निघून जाईल. दुसरा, नाव वर मालकांत घ्यायचं. मग भाडेपट्ट्यावर तिचीही सही, भाड्यातही वाटा.
"पहिला सोपा," स. म्हणाला.

२ एप्रिल
वच्छीला फोन करायचा आहे. तिचा स्वतःचा नाही, सुनेचा आहे. शेवटचं बोलणं दिवाळीत. भांडण वगैरे काही नाही. आई होती तोवर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, हक्काने माहेरी यायची. निंबाला झोका, गाणी, पोरींचा गलका. आई गेल्यावर इथे कॅम्पात यायची, कमल करायची तिचं. कमल गेली, मग वच्छीचे गुडघे, माझं बीपी...
आज सकाळपासून तोफांचा सराव. फोन हातात घेतला की धडाम, काचा थरथरतात. उद्या करतो.

३ एप्रिल
नाही केला. काय बोलायचं ते पाठ करून पाहिलं. 'वच्छे, जमिनीचं एक काम निघालंय.' बरं वाटेना. इतक्या दिवसांनी फोन आणि पहिलं वाक्य जमिनीचं.

५ एप्रिल
घात झाला. स. ने परस्पर फोन केला. मला संध्याकाळी सहज सांगतो, "आत्याला म्हटलं एक सही लागेल, मी गाडी घेऊन येतो. अर्ध्या तासाचं काम."
"हक्कसोड म्हणालास?"
"मग काय म्हणू?"
"ती काय म्हणाली?"
"काही नाही. बरं म्हणाली."
बरं म्हणाली! वच्छी आयुष्यात कधी नुसतं बरं म्हणालेली नाही. स्वतःच्या हळदीत हळद पातळ झाली म्हणून भांडली होती.

६ एप्रिल
फोन लावला. सुनेने तिला दिला. वच्छी अजून घरची अहिराणीच बोलते. माझी कॅम्पात राहून गेली.
"तुले मनं नाव जड व्हयनं का रे, दादा?"
म्हटलं, अगं तसं नाही, कंपनीचं आहे, वकील म्हणतात...
"मी काही मांगं का कधी?"
नाही, म्हटलं.
"सही करी दिसू. तू मना दादा शे. पन मंग मी कोठली रे?"
सही करून देते म्हणाली, आणि वर, मग मी कुठली? मी विचारलं, जेवलीस का? तिने फोन सुनेकडे दिला.
जेवलीस का! सकाळी, चहाच्या वेळी.

९ एप्रिल
परत फोन. सून म्हणाली, "आई देवळात गेल्यात." दुपारी, "झोपल्यात." संध्याकाळी, "मामा, त्या नको म्हणतायत बोलायला. मी काय करू सांगा." खरं बोलली बिचारी.
स. चा फोन. हक्कसोडचा मसुदा झालाय, सोमवारी चला. मी भीत भीत विचारलं, दुसरा रस्ता धरला तर?
"बाबा, अर्धी जमीन आत्याच्या पोरांना द्यायला निघालात? ते आले का कधी तुमची औषधं आणायला?"
ते नाही आले. आणि हाही... जाऊ दे. हा येतो तरी. याला दुखावलं तर गॅसवाल्याशिवाय या घराची बेल वाजवणारं कोणी उरणार नाही.

१० एप्रिल
सटाण्याला जायचं म्हणून निघालो. कुलूप तीनदा ओढून पाहिलं. नाशिकला स्टँडवर गाडी लागलेली, जागाही होती. कंडक्टर म्हणाला, "बाबा, चढा नाहीतर मागं सरका." तिच्या दारात काय घेऊन जाणार होतो? तिकडे नाव काढायचा कागद तयार, आणि मी नुसतं तोंड घेऊन. मागं सरकलो.
घरी आलो. कुलूप लागलेलंच होतं.

१३ एप्रिल
वकीलबाईंनी मसुदा वाचून दाखवला. 'स्वखुशीने... यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा सदर मिळकतीशी काडीमात्र संबंध राहणार नाही.' माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "काका, ही नेहमीचीच भाषा आहे."
मी म्हणालो, "तिचं नाव वर घ्या."
आवाज मोठा निघाला असावा. बाहेर बसलेले दोघे आत बघू लागले.
स. म्हणाला, "बाबा, जरा बाहेर या."
"बाहेर नाही. इथंच लिहा. मालक दोघं. मी आणि वत्सला."
बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग त्यांना स्वतः यावं लागेल, काका. आणि महिनाअखेर कंपनीची यादी बंद होते. त्या आल्या नाहीत तर तुमचा गट नंबर सोडून पुढे जातील."
म्हणजे सगळं वच्छीवर आलं. आणि वच्छी फोनवर येत नाही.
स. ने मला स्टँडवर सोडलं. नेहमी दारापर्यंत सोडतो. उतरताना म्हटलं, रविवारी आखाजी आहे, ये, मी आंबे आणतो. म्हणाला, "आत्याला बोलवा. औषधंपण तिलाच सांगा."
गोळ्या संपत आल्या आहेत. मेडिकल कोपऱ्यावरच आहे, तो प्रश्न नाही.

१७ एप्रिल
स. चा फोन नाही. सटाण्याची सून आता उचलत नाही, नुसती रिंग जाते. सांगायचं आहे ते चांगलं आहे आणि ऐकायला कोणी नाही. गॅसवाला आला होता, त्याला सगळं सांगितलं. "बरं केलं बाबा," म्हणाला आणि ओटीपी विचारला.

२० एप्रिल
काल आखाजी. समोरच्या सुभेदारांकडे त्यांची मुलगी आली होती, दिवसभर हसण्याचे आवाज. दारात रिक्षा थांबली की मी उठून बघायचो. त्यांच्याकडून डब्यात आमरस आला होता. एकट्याने खाल्ला, संपला नाही.
आज पोस्टातून कार्ड आणलं. टाकण्याआधी इथे उतरवून ठेवतो.

'चि. वच्छीस दादाचे आशीर्वाद. हे आधीच लिहायला हवं होतं, राग मानू नको. सतीश बोलला तो कागद मी होऊ दिला नाही. तुझं नाव वर माझ्या नावाशेजारी लिहायला सांगितलं आहे. त्यासाठी महिना संपायच्या आत तुला यावं लागेल. नाही आलीस तर कंपनी आपला माळ सोडून देईल, सतीश मला बोल लावेल. लावू दे. गुडघे दुखत असतील तर मी न्यायला येतो, ये म्हण फक्त. यायचंच नसेल तर नको येऊ. पण कार्ड मिळालं एवढं तरी सुनेकडून कळव. लवकर कळव. मी घरीच असतो.'