आधी नाव, मग चाल

बाबा, आज दिग्रसच्या जिनिंगमध्ये हातातला चहा न पिताच मी खाली ठेवला. घरी आले तरी भीती गेलेली नाही.

तुमच्या मागे-मागे कापूस वेचणारी तुमची पोर आता सरकी काढणाऱ्या मशीनांचा प्रोग्राम लिहिते. त्यात बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर प्रोग्रामचं नाव टाइप करायचं आणि पुढे एक हुकूम: सुरू, थांब, तपास. आम्ही त्यांना सबकमांड म्हणतो. कोणत्या ठेवायच्या, कोणी काय करायचं, हे मीच ठरवलं. 'सुरू'पुढे मशीनचा नंबर नसेल तर सगळीच मशीनं सुरू व्हावीत, हेही माझंच डोकं. तेवढंच टायपिंग वाचतं!

आज चाचणी होती. पहिलं मशीन सुरू करायचं होतं. मी 'सुरू' लिहिलं, नंबर राहिला, बोट एंटरवर गेलं. सहज काचेपलीकडे पाहिलं, तर फिटरदादा दुसऱ्या मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कापूस ओढत होते.

आणि मला आपलं वावर दिसलं. तुम्ही मोऱ्या बैलाच्या मानेवर जू ठेवून दोर बांधताहात, दुसरा बैल मागेच अडून उभा आहे आणि त्याला हाकायला मी तोंड उघडते. तुम्ही ओरडता, "आधी नाव घे ना त्याचं! नुसतं चाल म्हनशीन तं हा मोऱ्याबी चालन, माह्यी बोटं जातीन." मी मुसमुसते. मग तुम्ही हळूच म्हणता, "रडून काहून राह्यली? थांबवाचं असन तं नाव नोको घेत बसू. नुसतं 'हो' म्हन, दोनी बैल थांबतीन. सारे थांबले तं कोनाचं काय जाते?"

मी बोट उचललं. संध्याकाळपर्यंत सगळं बदललं. आता नंबराशिवाय 'सुरू' काहीच हलवत नाही, उलट विचारतं, 'कोणतं?' 'थांब' मात्र एकटं आलं तरी सगळं थांबवतं. फिटरदादांना यातलं काही ठाऊक नाही. तो चहा त्यांनीच आणून दिला होता. बदल दाखवल्यावर मालकांनी विचारलं, "म्याडम, आता काई भेव नाही ना?" मी नाही म्हटलं.

पण कोणी नंबरच चुकीचा टाकला तर? तुम्ही नाव घ्यायचे ते बैलाकडे बघत. माझ्या प्रोग्रामला डोळे नाहीत.

हे पत्र पाठवायचं कुठे, ते तुम्ही सांगून गेला नाहीत. उद्यापासून हंगाम सुरू होतोय. मी काचेपाशी उभी राहणार आहे. फक्त तुमच्याएवढ्या जोरात 'हो' म्हणायला मला अजून जमत नाही, बाबा.