पाहुण्यांची खोली

माय, तुझ्या खोलीत गेला महिनाभर दोन परदेशी मुली राहिल्या. हे तुला सांगितलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, त्या जेवतात काय. आणि मग, त्यांच्या आयांनी त्यांना इतक्या लांब सोडलं कसं. पाच जणांचं पथक आहे. दोन मुली, दोन मुलगे आणि त्यांचा पन्नाशीचा म्होरक्या. वेगवेगळ्या देशांतून, एका संस्थेमार्फत, स्वतःच्या खर्चाने आलेत. गावात अंगणवाडीची खोली आणि तिच्या शेजारी पाण्याची टाकी बांधून द्यायची, एवढंच त्यांचं काम. दादाने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाला, "फुकट काम कराया इतक्या दूर कोन येतं? घरी भांडून आले असतील." मी वसमतच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी मीच. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आले ती आंबे खायला नव्हे, इकडची वाक्यं तिकडे आणि तिकडची इकडे करायला. पहिल्या दिवशी त्यांना "पुरे" हा शब्द शिकवला आणि तो आपल्या घरात चालत नाही हे त्यांना त्याच दिवशी रात्रीच्या जेवणात कळलं.

पुरुष मंडळी शाळेत उतरली. मुलींना आपल्या घरी ठेवायचं ठरलं तेव्हा वहिनीने विचारही न करता तुझी खोली मोकळी केली. हळदीची पोती ओसरीत गेली, तुझी पेटी स्वयंपाकघरात. तू गेल्यावर दादाने ती खोली विटांची केली, खाली फरशी घातली, पंखा बसवला. वर पत्रे मात्र जुनेच चढवले. बाकी घर तुझ्या वेळचंच, दगडमातीचं. पाहुण्याला घरातलं सगळ्यांत चांगलं द्यायचं, हे आपल्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही. मुली आत आणि आम्ही सगळे अंगणात, बाजा टाकून. मोठी मुलगी, केस अगदी बारीक कापलेली, तिने तीन-चारदा सुचवून पाहिलं की तुम्ही आत झोपा, आम्हाला बाहेर चालेल. वहिनीने ऐकूनच घेतलं नाही. "पाव्हन्याला अंगणात निजवू? लोक तोंडात शेन घालतील आमच्या." मी भाषांतर केलं की यांना बाहेर गार वाटतं, तुम्ही काळजी करू नका. ती हसली आणि उशी घेऊन आत गेली.

आम्ही अंगणात का निजतो ते तुला सांगायला नको. जमीन पुन्हा बोलायला लागली आहे. मधे काही वर्षं गप्प होती, इतकी गप्प की पोरांना ती गोष्ट आम्ही रचून सांगतो असं वाटायचं. यंदा होळीनंतर सुरू झालं. भरलेला ट्रक घराखालून जावा तसा तो आवाज, तू म्हणायचीस तसाच, आणि मग फळीवरच्या ताटल्या एकमेकींना लागतात. कधी दिवसातून दोनदा होतं, कधी आठवडाभर काहीच नाही. काहीच नसतं तेव्हा मला जास्त भीती वाटते. भिंतींना केसाएवढ्या भेगा आहेत. त्या जुन्या की नव्या यावर दादा आणि वहिनी रोज वाद घालतात.

किल्लारी झाली ते वर्ष मला आठवतं. मी चौथीत आहे. तू चुलीपुढे बसली आहेस, हातात भाकर, तव्यावर दुसरी, आणि आवाज होतो. तू थापलेली भाकर तशीच परातीत टाकतेस आणि दादाला आणि मला दंडाला धरून अंगणात आणून उभं करतेस. मी शहाणी. तव्यावरची भाकर जळेल म्हणून मी तुझा हात सोडवून पुन्हा आत जाते आणि उलथनं शोधत बसते. तू आलीस ती बोललीच नाहीस, केस धरून मला बाहेर आणलंस आणि सगळ्या गल्लीसमोर कानाखाली वाजवलीस. "भाकर जळली तर दुसरी थापीन. तुला कुठून थापू?" मग तूच रडत बसलीस. मी रडले नाही, माझा अपमान झाला होता. चांगलं काम करायला गेले आणि मार खाल्ला, हे मी पुढे कितीतरी दिवस मनात धरून ठेवलं होतं.

त्याच वर्षी तू बाबांना पत्र्यावरचे दगड उतरवायला लावलेस. दोन माणसांनी उचलावा एवढा एकेक दगड. पंधरवडाही झाला नाही, वावटळ आली आणि दोन पत्रे शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडले. बाबांनी पत्रे आणले आणि मुकाट्याने दगड पुन्हा वर ठेवले. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या गावाला या कोड्याचं उत्तर सापडलेलं नाही. दगड ठेवले तर जमीन हलल्यावर डोक्यात पडतात, काढले तर वारा छप्पर नेतो. तहसीलची जीप येते, भोंग्यावरून सांगते की पत्र्यावरचे दगड काढून घ्या. आम्ही माना डोलावतो. दादा दरवर्षी म्हणतो की यंदा हूक मारून पत्रे पक्के करतो, पण पत्रा इतका गंजलेला आहे की हूक मारला तर तिथेच फाटेल. म्हणून दगड वर आणि माणसं बाहेर, अशी आमची तडजोड आहे. खोलीत निजायचा मान तेवढा पाहुण्यांचा.

पहिल्याच आठवड्यात बांधकामावर आवाज झाला. भर दुपार, पथकातली मुलं पायाच्या चरात उतरून माती वर फेकत होती, उन्हाने लाल झालेली. पाटीतली वाळू थरथरली. बांधकामावरचे मिस्तरी चाचा, तेच ज्यांचे वडील तुझी चूल घालून द्यायचे, त्यांनी एक क्षण थापी धरून ठेवली आणि पुन्हा कामाला लागले. म्होरक्याने मला विचारलं, काय झालं हे? मी चाचांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "बेटी, कायकू डराना मेहमानां कू? आपल्याला सवय हाये. त्यायला न्हाई." दादा पलीकडून पुटपुटला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांच्या हापिसाला कळलं तर उद्या गाडी येऊन घेऊन जाईल समद्यायला. मंग लेकरायनं बसायचं कुठं?" लेकरं तेव्हा पाराच्या सावलीत बसून खिचडी खात होती. मी म्होरक्याला सांगितलं, जवळ दगडाची खाण आहे, सुरुंग लावतात. तो बरं म्हणाला. त्याने खाण कुठे आहे हे विचारलं नाही, ते मला त्या वेळी विचित्र वाटायला हवं होतं.

नंतरचे दिवस वरवर छान गेले. भिंती खिडकीपर्यंत आल्या. दादाची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आली, आणि वहिनी म्हणाली, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. पण म्हणताना खूश होती. भाषा येत नसून पोरगी आणि ती बारीक केसांची मुलगी दिवसभर हसत बसायच्या. पण अंधार पडायला लागला की माझं लक्ष त्या खोलीकडे जायचं. जेवणं झाली की दोघी "शुभ रात्री" म्हणून आत जायच्या आणि कडी लावायच्या. त्या कडीचा आवाज माझ्या अंगावर यायचा. परक्याच्या पोरी, त्यांच्या आयांनी कोणाच्या भरवशावर पाठवल्या? एकदा मी वहिनीजवळ बोललेच. तिने पदर तोंडाला लावला. "मला काय झोप येती व्हय ताई? पर कोन्या तोंडानं म्हनू, खोली सोडा अन् मातीत निजा म्हनून?" तुझ्या हाताची ती थप्पड मला तेव्हा इतकी हवीशी वाटली, माय. कोणीतरी यावं आणि त्या दोघींना केसाला धरून बाहेर काढावं.

मग एके दिवशी, तिन्हीसांजेला, ती बारीक केसांची मुलगी मोरीपाशी स्वतःचं ताट घासत होती. वहिनी त्यावरून तिच्यावर रोज रागवायची. आवाज झाला, या वेळी जरा लांबला, बादलीतल्या पाण्यावर वलयं उठली. तिने मला काही विचारलं नाही. तिने फक्त मान वर करून पत्र्याकडे पाहिलं, नेमकं जिथे दगड आहेत तिथे. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, ही खाण नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे.

इथली जमीन हलते हे त्यांना येण्याआधीच सांगितलेलं होतं. कधी हलली ते फोनवर बघायची सोय होती. पण म्होरक्याने ताकीद दिली होती की गावातली माणसं आधीच घाबरून जगतात, आपण तो विषय काढायचा नाही, ते खाण म्हणाले तर खाण. आणि खोली? खोली नको म्हटलं तर तुमच्या वहिनीचा अपमान होईल, असं त्यांना वाटलं. म्हणून पहिल्या आठवड्यापासून दोघी पाळीपाळीने जाग्या राहत होत्या, पायात बूट घालून, दाराला पाठ लावून. कडी लावल्याचा आवाज करून त्या ती पुन्हा हळूच काढून ठेवायच्या. मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना, आणि हसता हसता मला भयंकर राग आला, त्यांचा, आमचा, सगळ्या जगाच्या सभ्यपणाचा. वहिनीला बोलावून अंगणातच सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला. "अगं माझे बाई, लेकरं बसून रात काढून राहिली अन् आमी भाईर घोरून राहिलो!" त्याच संध्याकाळी दोन बाजा वाढल्या. म्होरक्याने त्यांच्या कार्यालयाला कळवलं, आणि दादाला वाटलं तशी गाडी काही आली नाही; बाहेर झोपा, काम संपवा, असंच उत्तर आलं. त्या दोघी त्या रात्री जेवून जे आडव्या झाल्या त्या ऊन तोंडावर येईपर्यंत उठल्या नाहीत. मला वाटलं, सुटले.

गेल्या आठवड्यात दादाची पोरगी बाळंत झाली. मुलगी झाली, गोरी, डोक्यावर भरपूर केस, नाक तुझं. दवाखान्यातून मायलेकी परवा घरी येतील. आज दुपारी मी पाहिलं तर वहिनी तुझ्या खोलीत. जाळ्या काढल्या होत्या, फरशी पुसली होती, शेगडी आणून ठेवली होती आणि स्टुलावर उभी राहून ती पत्र्याखालच्या लोखंडी पाइपाला बाळाची झोळी बांधत होती.

मी म्हटलं, वहिनी, इथे नको.

"मंग कुठं? खोली मोकळी झाली ते बरंच झालं."

"अंगणात."

"बाळंतीन उघड्यावर? कानात वारं भरलं तर जल्माचं दुखनं."

"मी वसमतला नेते. माझ्याकडे स्लॅब आहे."

"पहिलं बाळंतपन हाये. मायबाप जिते असून आत्याच्या घरी? तिची सासू काय म्हनंल?" मग तिने गाठ ओढून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, मला काय ठाऊक न्हाई व्हय?"

दादाकडे गेले. दगड उतरव म्हटलं. म्हणाला, "आत्ता? या वाऱ्यात? वारं पडू दे, लगेच उतरवतो." चार दिवस झाले, वारा असा सुटला आहे की पारावरच्या झाडाची पानं आपल्या अंगणात येतात. मी बारीक केसांच्या मुलीला सांगितलं, तिने विचारलं की यांना धोका समजावून सांगितला का तू? परक्यांना सांगितलं आणि मिटलं. त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, फक्त दोघांनी तोंड उघडायचं होतं. घरच्यांना काय सांगू? इथे तर सगळ्यांचं सगळं बोलून झालेलं आहे. तू असतीस तर बोलली नसतीस, बाळ उचलून चालू लागली असतीस. माझ्यात तो दम नाही, हे मला आज स्टुलाजवळ उभी असताना कळलं.

हे अंगणात बसून लिहिते आहे. कागद उडतो म्हणून त्यावर कोपर टेकलं आहे. लिहून झालं की चुलीत घालेन, वहिनीच्या हाती लागायला नको. संध्याकाळ होत आली. पत्रे धडधडतात, आणि त्या आवाजात खालून काही येतं की नाही ते कळत नाही. वारा पडला की दादा दगड उतरवणार, म्हणजे मी तो पडावा म्हणून देवाला हात जोडायला हवेत. पण खरं सांगते माय, वारा असाच राहावा असं मला वाटतं. वारा आहे तोवर जमीन ऐकू येत नाही.